दोन आगनेटा

यूस्टिना फाल्कबद्दल वायडेनोर्ट गावात कोणी बरं बोलत नसे. ती तर कोणाबद्दलच बोलत नसे, बरं नाही की वाईट नाही. सव्वीस वर्षं ती शेजारच्या बाजारगावात टेलिफोन एक्स्चेंजवर बसली होती. तेव्हा बारा-बारा घरांना मिळून एक तार असे. कोणाच्या मुलीला कुठून नकार आला, कोणाचा जावई पितो, कोणत्या भावांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलंय, सगळं तिच्या कानांवरून गेलेलं. त्यातलं एक अक्षर तिने कधी बाहेर काढलं नाही. पण लोकांना तेवढ्याने समाधान नसतं. ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे त्याची भीती वाटते, आणि भीती वाटली की माणसं त्याला पाण्यात पाहतात.

डायलचे फोन आले, एक्स्चेंज बंद झालं आणि त्रेपन्नाव्या वर्षी यूस्टिना भावाच्या अंगणातल्या लहान घरात राहायला आली. बापाने मरताना ते घर तिला हयातभर राहायला लिहून दिलं होतं. भाऊ गेरहार्ड तिच्याहून चार वर्षांनी मोठा, मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चसभेत, मानाचा, पाचशे एकरांचा धनी. बापाचा शब्द त्याने पाळला, पण मनाने दिलं नाही. तिच्या दारासमोर तो बर्फ काढायचा तो बरोबर तिच्या पायरीपर्यंत, पायरीवरचं तसंच ठेवायचा.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल उजाडलं. रशियातून कॅनडातल्या मॅनिटोबाच्या या सपाट रानात आपली जर्मनभाषक माणसं उतरली त्याला शंभर वर्षं होत होती. घरोघर वंशावळी निघू लागल्या, पेट्यांतली जुनी पत्रं उन्हात आली. फाल्कांच्या बैठकीतही ठरलं की इस्ब्रांड आणि एव्हा या पहिल्या जोडप्याच्या नावाचा दगड उभा करायचा, खाली त्यांच्या मुलांची नावं, आणि सोबत एक पुस्तिका.

मार्चमध्ये गेरहार्ड बहिणीच्या दाराशी आला. टोपी डोक्यावरच होती.

"मंडळीच्या जुन्या वहीत आजोबांचं पान आहे," तो म्हणाला. "मुलांच्या जन्मतारखा उतरवून आण. ती जुनी जर्मन लिपी आता तुझ्याशिवाय कोणाला लागत नाही."

"आत ये, बस."

"नको. गिंटरांशी बोललोय मी, ते वही दाखवतील. आणि हे बघ, फक्त तारखा हव्यात. पुराण नको."

गिंटर म्हणजे मंडळीचे प्रमुख. त्यांच्या घराण्यात ते पद चार पिढ्या चालत आलं होतं. बाईमाणसाने वहीला हात लावावा हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, फाल्कांचं पान उघडलं आणि बायकोला समोर बटाटे सोलायला बसवलं.

"दुसरं पान उलटायचं नाही," ते म्हणाले.

"मला दुसऱ्यांच्या पानांत रस नाही," यूस्टिना म्हणाली.

"एक्स्चेंजवरही तुम्ही हेच सांगत होतात म्हणे."

गिंटरबाई बटाट्याकडे बघत हसल्या. यूस्टिनाने चष्मा लावला.

इस्ब्रांड फाल्क, जन्म अठराशे पन्नास. पत्नी एव्हा, जन्म बावन्न. मग मुलं. पहिला पेटर, पंचाहत्तरचा. दुसरी आगनेटा, सत्याहत्तरची. यूस्टिनाची पेन्सिल थांबली. आगनेटाआत्याचा जन्म तर शहाऐंशी सालचा. सात भावंडांतली ती एकटीच आता उरली होती, वृद्धाश्रमात होती आणि गेल्याच वर्षी तिच्या सत्त्याऐंशीचा केक सगळ्यांनी खाल्ला होता. लिहिणाऱ्याची चूक असेल म्हणून यूस्टिना खाली सरकली. इस्ब्रांड, एकोणऐंशी. तिच्या बापाचं नाव इस्ब्रांड, पण तो चौऱ्याऐंशीचा. मग योहान, ऐंशी. मग झारा, ब्याऐंशी. या झाराचं नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि त्याखाली पुन्हा इस्ब्रांड, चौऱ्याऐंशी. पुन्हा आगनेटा, शहाऐंशी. त्यानंतर आणखी तिघं.

एकंदर नावं दहा होती. त्यातल्या पहिल्या आगनेटावर, पहिल्या इस्ब्रांडवर आणि झारावर एकेक आडवी रेघ ओढलेली होती. तिन्ही रेघांपुढे समासात एकच शब्द होता, 'बाहेर'. आणि एकच महिना, फेब्रुवारी चौऱ्याऐंशी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घटसर्प. बापाने मंडळीपुढे क्षमा मागितल्यास आत घेता येतील.'

यूस्टिनाने ते तीनदा वाचलं. मग तिने गिंटरांना हाक मारली.

"हे 'बाहेर' म्हणजे काय?"

गिंटर तिच्या खांद्यावरून वाकले. "तारखा झाल्या उतरवून?"

"कुठे बाहेर?"

"दफनभूमीच्या बाहेर, आणखी कुठे? तुमच्या आजोबांना वाळीत टाकलं होतं. सगळ्या गावाची जमीन एकत्र, सगळे एका रस्त्यावर राहणार, असा करार होता. तुमच्या आजोबांनी करार मोडला. स्वतःच्या नावचा तुकडा वेगळा काढला आणि ऐन थंडीत राहतं घर घसरपाट्यांवर चढवून बैलांनी ओढत नेलं. तुमच्या आजीला सांगितलं होतं, अशा नवऱ्याच्या ताटाला ताट लावू नको. ती ऐकेना. मग तिलाही बाहेर काढावं लागलं."

"कोणी काढलं?"

"माझ्या पणजोबांनी. ते त्यांचंच अक्षर आहे." गिंटरांनी वही मिटली, तिने बोट काढायच्या आत. "पाच वर्षांत अर्धं गाव आपापल्या जमिनीवर गेलं आणि बहिष्कार आपोआप सुटला. झालं गेलं मिटलंय. तुम्हाला सात तारखा हव्या होत्या, त्या मिळाल्या. खाजवून खरूज काढू नका."

घरी येऊन तिने स्वच्छ अक्षरात दहा नावं लिहिली आणि तो कागद भावाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. गेरहार्डने तो वाचला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. खिशातून पेन काढून त्याने तीन नावं खोडली.

"सात," तो म्हणाला. "दगडवाल्याला मी सात सांगितलेत."

"तुला ठाऊक होतं?"

"कॉफी घेणार असशील तर बस. नसशील तर मला डुकरांकडे जायचंय."

यूस्टिनाने कॉफी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ती बसने आत्याकडे गेली. तिच्या मनात आत्याला काही सांगायचं नव्हतं, खरं तर विचारायचं होतं. ती मुलं कुठे पुरली हे कोणाच्या तोंडून कळलं तर आत्याच्याच, असं तिला वाटलं.

आगनेटाआत्या खिडकीपाशी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. एका कोपऱ्यातून बी आत जाई, दुसऱ्या कोपऱ्यातून टरफल बाहेर येई, आणि मधल्या जागेतून ती बोले.

"ये बाई ये. केक खाऊन गेलीस ती आज वाट चुकलीस? माझं मृत्युपत्र झालंय. तुझं नाव नाही त्यात."

"मला काही नको, आत्या. मी वंशावळ लिहितेय. तुझी जन्मतारीख बघायची होती."

"नऊ मे शहाऐंशी. ती तर इथल्या नर्सलाही पाठ आहे, गोळ्या देताना रोज विचारते."

"वहीत आगनेटा दोनदा आहे."

टरफल आत्याच्या ओठावर अडकून राहिलं.

"एक सत्याहत्तरची," यूस्टिना म्हणाली. "सहा वर्षांची होऊन घटसर्पानं गेली. तिच्यामागोमाग दोन भावंडंही गेली. त्यांना गावानं दफनभूमीत जागा दिली नाही. तू त्यानंतर दोन वर्षांनी झालीस. तुला कधी आई बोलली होती का, कुठे पुरलं ते?"

"तिचं नाव काय म्हणालीस?"

"आगनेटा."

"ते माझं झालं. मी तिचं विचारतेय."

"तिचंही तेच, आत्या."

म्हातारीने ओठावरचं टरफल बोटाने काढलं आणि मांडीवरच्या बियांच्या वाटीला पुसलं.

"आई मला नावानं हाक मारायची नाही," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे? बाकी सगळ्यांना नावानं बोलवायची. मला म्हणायची 'ए धाकटे'. मी धाकटी नव्हतेच मुळी, माझ्यामागे तिघं होती. एकदा गोठ्यात गाय लाथ झाडणार होती, तेव्हा मागून किंचाळली, 'आगनेटा!' आणि लगेच तोंडावर हात. जशी काही शिवी निघाली तोंडातून. मी नऊ वर्षांची असेन. तेव्हापासून मी समजून होते की ही बाई माझा दुस्वास करते."

"तसं नसेल, आत्या. तिला ते नाव घेववत नसेल, म्हणून."

"तू गप. न घेववणारं नाव ठेवायचं कशाला मग पोरीला?" आत्याचा आवाज चढला. दारातून जाणारी नर्स थबकली. "अठ्ठ्याऐंशी वर्षं मी मेलेल्या पोरीचा झगा घालून फिरतेय, आणि हे मला आज सांगायला आलीस तू? कशासाठी? तुझ्या पुस्तकातली एक तारीख जुळावी म्हणून!"

"मला वाटलं, तुला कळायला हवं."

"माझी आई वाईट होती एवढं एक मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्यावर मी आयुष्य काढलं. तेही काढून घेतलंस. आता मी म्हातारपणी काय करू, तिच्यासाठी रडू? चालती हो. ऊठ, चालती हो म्हणते ना!"

बियांची वाटी जमिनीवर आपटली. यूस्टिना वाकून बिया गोळा करू लागली, तर म्हातारीने काठीने तिचा हात बाजूला सारला. नर्सने येऊन तिला दारापर्यंत पोचवलं, अगदी चोराला पोचवावं तसं.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी दगडाचा कार्यक्रम झाला. सस्कॅचवानहून, ओंटारिओहून गाड्या आल्या. बायकांनी आदल्या दिवसापासून एकावर एक गोळा ठेवलेले दोन मजली गोड पाव भाजले होते. मोठ्या शेडमध्ये टेबलं मांडली होती, त्यावर धुरावलेलं सॉसेज आणि सुक्या आलुबुखारांची थंडगार खीर. दीडशे-पावणेदोनशे माणूस असेल. यूस्टिनाला कोणी काही काम सांगितलं नव्हतं. ती कुंपणापाशी उभी होती.

दगड आजोबांच्या जमिनीवर, म्हणजे आता गेरहार्डच्या, फाटकालगत उभा केला होता आणि त्यावर पांढरी चादर होती. उरलेलं एकटं अपत्य म्हणून चादरीची दोरी आगनेटाआत्याच्या हाती दिली होती. तिला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, काळी ओढणी, काळा झगा. गेरहार्डने भाषण केलं. कष्ट, श्रद्धा, एकजूट. एकजूट हा शब्द त्याने चार वेळा घेतला. मग गिंटरांनी प्रार्थना म्हटली.

"ओढ आत्या," गेरहार्ड वाकून म्हणाला.

"किती नावं आहेत त्याच्यावर?" म्हातारीला कमी ऐकू येई, त्यामुळे ती बोले ते सगळ्यांना ऐकू जाई.

"आहेत ती. ओढ."

"किती?"

"सात, आत्या. तुम्ही सात भावंडं."

म्हातारीने दोरी सोडून दिली. हात मांडीवर घेतले आणि एकावर एक ठेवून बसून राहिली. गेरहार्डने दोरी उचलून पुन्हा तिच्या हातावर ठेवली. ती घरंगळली. कोणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने हळूच गाणं सुरू केलं, ते दोन ओळींत विरलं. शेवटी गेरहार्डने स्वतःच चादर खेचली, इतक्या जोराने की ती फाटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जेवायच्या घाईत वाजवाव्यात तशा.

जेवणं सुरू झाल्यावर तो शेडच्या मागे यूस्टिनाला गाठायला आला. मागोमाग गिंटरही आले.

"म्हातारीचे कान तू भरलेस," गेरहार्ड दात-ओठ खात म्हणाला. "दीडशे माणसांत माझी शोभा केलीस."

"तुझी शोभा? त्या तीन पोरांचं काय?"

"गाडलेली मढी उकरायची हौस आहे यांना," गिंटर म्हणाले.

"उकरायला कुठे आहेत ते तरी सांगा. तुमच्या पणजोबांनी तेवढं लिहिलं नाही. मुलांना माती नाकारायची आणि बापानं गुडघे टेकले तरच देऊ म्हणायचं! सहा वर्षांच्या पोरीनं कुठला करार मोडला होता हो?"

गिंटर तांबडे झाले, मागे फिरले आणि पावांच्या टेबलाकडे गेले. गेरहार्ड मात्र तिथेच उभा होता. त्याचा आवाज खाली आला, आणि यूस्टिनाला त्या खालच्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

"तुला अर्धंच ठाऊक आहे," तो म्हणाला. "आजोबा निघाले होते माफी मागायला. घोडा जोडून झाला होता. मुलांच्या तिन्ही शवपेट्या घसरगाडीवर बांधल्या होत्या. आजी बाहेर आली आणि तिनं लगाम धरला. म्हणाली, 'ज्यांनी औषधाला वाटीभर दूध दिलं नाही, त्यांच्या मातीत माझी मुलं झोपणार नाहीत.' आजोबा रडले, पाया पडले. ती सोडेना. मग शेतात जाळ करून जमीन मऊ केली आणि तिथेच पुरली. गाव म्हणत होतं आत आणा, गुडघे टेका नि आणा. तिनं आणली नाहीत. असली आजी कोरायचीय का तुला दगडावर?"

एव्हा आजी यूस्टिनाला अंधुक आठवत होती. ताठ पाठीची, न हसणारी बाई. चार महिने ती त्या बाईला मनातल्या मनात गरीब गाय समजून बसली होती.

"तुला कोणी सांगितलं हे?" तिने विचारलं.

"बापानं. शेत माझ्या नावावर केलं त्या दिवशी. ईशान्येच्या कोपऱ्यात काटेरी झुडपं होती, ती ठेव म्हणाला. नांगर लावू नको म्हणाला."

"तिथे झुडपं नाहीत."

"नाहीत."

"मग?"

"त्रेपन्न साली मोठं यंत्र घेतलं. वळायला जागा पुरेना." गेरहार्डने नजर चुकवली नाही. "वीस वर्षं पेरतोय. पीक चांगलं येतं तिथे."

यूस्टिनाने त्याच्या थोबाडीत मारली. तिच्या आयुष्यात तिने कोणावर हात उचलला नव्हता. आपल्या लोकांत कोणी उचलत नाही, युद्धाला जात नाहीत म्हणून शतकाशतकाला देश सोडणारी ही माणसं. शेडच्या कोपऱ्याशी खिरीची वाडगी घेऊन उभी असलेली गेरहार्डची बायको आल्या पावली आत परतली. गेरहार्डने गालाला हात लावला, मग तो हात पाहिला आणि म्हणाला, "महिनाअखेर घर रिकामं कर."

"बापानं हयातभर दिलंय."

"मग राहून दाखव."

कायद्याने ती राहू शकली असती. ती राहिली नाही. चौथ्या दिवशी बाजारगावातल्या शिवणयंत्रांच्या दुकानावरची खोली तिने घेतली. सामान हलवायला गावातलं कोणी आलं नाही. दुकानदाराने आपली गाडी पाठवली, तो आपल्यातला नव्हता म्हणून.

त्या खोलीत तिने वंशावळ टाईप केली, कार्बन लावून. सगळं लिहायला पाच महिने लागले. दहा मुलं, दहा तारखा, आणि तिघांपुढे जागा: शेताचा ईशान्य कोपरा, खूण नाही, सध्या पेरणीखाली. कोणी वाळीत टाकलं ते नावानिशी लिहिलं. लगाम कोणी धरला तेही लिहिलं. ते पान तिने आठ वेळा फाडलं होतं, कारण आजीला दोष येईल असं एक वाक्य त्यात होतं आणि ते गाळलं की सगळंच खोटं वाटत होतं. शेवटी ठेवलं. मग पत्ते शोधून शोधून पांगलेल्या नातलगांना प्रती पाठवल्या, थेट पॅराग्वे आणि बोलिव्हियापर्यंत.

उत्तरं आली ती बहुतेक शिव्याशापांची. मेलेल्यांना बदनाम केलंस, अविवाहित बाईला मुलांचं काय कळतं, पुढच्या वेळी कागद वाया घालवू नकोस. अकरा पाकिटं न फोडता परत आली. त्यातल्या एकावर गिंटरांचं अक्षर होतं.

आत्याला तिने प्रत पाठवली नाही, स्वतः नेली. वाचून दाखवू का, असं दारातूनच विचारलं. म्हातारीने आत ये म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. यूस्टिनाने उभ्यानेच ते पान वाचलं. लगामाच्या ओळीला आत्याने हात वर केला.

"परत वाच."

यूस्टिनाने परत वाचली.

"अशीच होती," म्हातारी म्हणाली. "दगड नुसती." जरा वेळाने म्हणाली, "ती मोठी आगनेटा दिसायला कशी होती, ते लिहिलंय का कुठे?"

"नाही, आत्या. कुठेच नाही."

"मग काय लिहिलंस तू एवढं?" आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

पुढच्या मार्चमध्ये आगनेटाआत्या गेली. गेरहार्ड आणि यूस्टिना तिच्या कबरीच्या दोन बाजूंना उभे होते. त्या वसंतातही ईशान्येच्या कोपऱ्यापर्यंत पेरणी झाली. एकदा यूस्टिना बसने जाऊन रस्त्याच्या कडेला उतरली होती. हिरवे कोंब सरळ ओळींत वर आले होते. नेमकी जागा कोणती हे ओळखायला काहीच नव्हतं. ती परतीच्या बसची वाट बघत तिथे दीड तास उभी राहिली. गेरहार्डचा ट्रॅक्टर दोनदा टोकापर्यंत आला, वळला आणि गेला.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं सहा मैलांच्या अंतरावर राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गेरहार्ड गेला तेव्हा ती आली, मागच्या बाकावर बसली, गाण्यात तिने आवाज मिसळला नाही. कबरीवर माती टाकून झाल्यावर लोक जेवायला गेरहार्डच्या शेडकडे निघाले. तिला कोणी थांब म्हटलं नाही. ती थांबलीही नसती. वाटेत त्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या त्या सात नावांच्या दगडाकडे तिने पाहिलं नाही. डोक्यावरचा रुमाल घट्ट करून ती मोठ्या रस्त्याकडे चालू लागली.